मल्लप्पांची पाठ

श्रीसिद्धरामेश्वरांच्या चरणी साष्टांग नमन असो. त्यांच्या कृपेने आमच्या गल्लीतील देवळाचा सभामंडप पुरा झाला. त्या मंगल प्रसंगी निघणाऱ्या या स्मरणिकेत मंडपाचे खजिनदार मल्लप्पा यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मंडळींनी मला, येथल्या जंगम पुरोहिताला, सांगितले. मी मल्लप्पांची अनुज्ञा घेतली. "लिवा की स्वामी, समदं लिवा," ते म्हणाले. "फकस्त पाठमोरा फोटू छापू नका."

मल्लप्पा कोणाच्याही घरातून निघताना उलटे चालत. हात जोडलेले, मुख यजमानाकडे आणि पाऊल मागे. या रीतीने ते शेजारच्या वाळवणातील पापडांवरून गेले आहेत आणि दारात बांधलेल्या म्हशीला धडकून, तिच्याकडे न वळताच, तिची क्षमाही मागते झाले आहेत. मूळचे मैंदर्गीचे; बाजारात तूरडाळीचे दुकान; लग्न केले नाही. बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी. "नोड्री," असे म्हणून समोरच्याला पाहावयास लावीत आणि पुढे सांगत, "माणूस पुढनंच बगायचा असतोय."

देवास पाठ दाखवू नये, हा आपला आचार. ज्यास माणसामाणसांत शिव दिसतो तो कोणास पाठ दाखवील, असा अर्थ मी लावला आणि श्रावणातील प्रवचनात मल्लप्पांचा दृष्टांत दिला. श्रोते गहिवरले. पुढच्या सोमवारी दोन भाविक देवळातून उलटे निघाले आणि पायरीवर एकमेकांवर आदळले. मल्लप्पा मात्र खांबाला पाठ टेकून घामाघूम बसले होते.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, ते माझ्याकडे आले. दार लोटले, सदरा काढला आणि आयुष्यात प्रथमच माझ्याकडे पाठ केली.

"नोड्री स्वामी. हे हाय ते."

दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये मेदाची एक जाड वळी होती आणि तिच्याखाली दुसरी. सदऱ्यातून ती उशीसारखी दिसे. लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून हे उलटे चालणे. माझा दृष्टांत तेथेच वितळला.

"उपास केले. ताकावर ऱ्हायलो. तळ्याला फेऱ्या मारल्या," ते सांगू लागले. "पोट गेलं, पाठ ऱ्हायली. पावना गेला आन् गाठोडं ठेवून गेला की!"

मग त्यांनी मूळ गोष्ट काढली. परदेशात डॉक्टर लोक नळी घालून चरबी ओढून काढतात, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. "शास्त्राचा काय आक्षेप हाय का? शिवानं दिलेलं शरीर. त्यातलं थोडं परत केलं तर?"

मी म्हटले, शास्त्राचे पाहू. आधी शस्त्राचे विचारू.

शहरातील एका वृद्ध शल्यवैद्यांकडे आम्ही दोघे गेलो. ते म्हणाले, "नळी-बिळी इथं नाही. इथं सुरी. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. भूल द्यावी लागेल, आणि तुमच्या रक्तदाबाला भूल मानवणारी नाही. टेबलावरून उठालच, असं मी छातीठोक सांगत नाही."

"काढलेलं तोलून दावता का?" मल्लप्पांनी विचारले. व्यापारी तो व्यापारीच.

"दुखतं का तुम्हांला?"

"न्हाय."

"मग अडचण काय?"

"दिसतंय की."

"कोणाला?"

मल्लप्पांनी सदरा चढवून गुंड्या लावल्या. मग म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यानंतरची तारीख द्या."

तेव्हापासून माझी झोप उडाली. जपाला बसावे तर माळेत मणी सरकत आणि मनात सुरी. गल्लीची चिंता निराळीच होती. आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते आणि ऑपरेशन म्हटले की लोकांना एकच ठाऊक, नसबंदीचे. "लगीनच न्हाय तर आता कशाला करताय, अण्णा?" असे पानवाल्याने भर चौकात विचारले. मल्लप्पा उलट्या पावलांनीच तेथून सटकले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे राहवेना. आणखी एकदा समजावून पाहावे म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडे होते. न्हाणीघरापुढे मल्लप्पा पाटावर उघडे बसले होते. पुढ्यात कोमट तेलाची वाटी. एका लांब लाकडी पळीला त्यांनी फडके बांधले होते आणि ती खांद्यावरून मागे घालून पाठीपर्यंत पोचवू पाहत होते. पळी दर वेळी घसरे. तेल जमिनीवर सांडले होते.

मला पाहून ते उठले नाहीत. उठण्याजोगी अवस्था नव्हती.

"अक्का लावायची," ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढविले. "पाठ चोळायची आन् धपाटे घालायची. 'मल्ल्या, ही पाठ हाय का हुटगीचा माळ?' म्हणायची. ती गेली तवापासनं हितं कुणाचा हात लागला न्हाय. माजा पोचत न्हाय. म्हणून थिजलंय ते, स्वामी. थंडीत तूप थिजतंय तसं. आता खरवडूनच काढायला पायजे."

वैद्यकात याला आधार नाही, हे मला कळत होते. उपरणे खुंटीला लावले, त्यांच्या मागे जाऊन बसलो आणि वाटीत बोटे बुडविली.

मल्लप्पा दचकले. "हां हां, स्वामी! तुमच्या पायाचं तीर्थ घेणारी आमी मानसं. जंगमानं भक्ताच्या पाठीला तेल लावायचं? पाप लागंल मला!"

"पाप माझ्याकडे ठेवा. सरळ बसा."

ते सरळ बसले. पाठ आधी दगडासारखी ताठ होती. हळूहळू सैल पडली. बाहेर फटाका वाजला. किती तरी वेळाने, अगदी लहान आवाजात ते म्हणाले, "वाईच डावीकडं."

पाडवा झाला, तारीख आली आणि गेली. मल्लप्पा गेले नाहीत.

हे वाचणाऱ्या आपणा सर्वांचे आणि आपल्या घरादाराचे श्रीसिद्धरामेश्वर कल्याण करोत. आपला हात जेथे पोचत नाही, तेथे पोचणारे कोणीतरी आपल्या घरी सदैव असो. आणि ते नसेल, तर शेजारी तरी असो. शुभं भवतु.