मंगळवारचे आबा

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नोकरी, पगार यांतलं काहीही विचारलं नाही. मुलगी पाहायला आलेल्या माणसाला विचारायचे हे प्रश्न त्यांनी भावकीवर सोडले होते. ते स्वतः दारात उभे होते. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "येवस्था झाली का?"

कसली व्यवस्था ते मला कळेना. आपण "झाली" म्हणावं, असं वाटलं, म्हणून म्हणालो. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आमचं लग्न त्याच क्षणी ठरलं असावं, असा माझा संशय आहे.

पुढं कळलं की आबा हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. एसटीच्या कंडक्टरला, दाढी करणाऱ्याला, गावाजवळचा गड बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरांना. कुणाच्या मयताला गेले तरी मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारतील, "येवस्था झाली का?" आणि नवल म्हणजे तिथं जमलेल्यांपैकी तेवढा एकच माणूस शहाण्यासारखं बोलला, असं वाटायचं.

दुसरं म्हणजे आबांना बसायचं वावडं. चार माणसं बसलेली असली की हे भिंतीपाशी उभे. आमच्या लग्नातला एक फोटो आहे. पंगत बसली आहे आणि मागं पाण्याचा जग धरून आबा उभे आहेत. त्या वेळी फोटोवाला ओरडला होता, "ओ वाढपी, जरा बाजूला व्हा." मुलीचा बाप "व्हय साहेब" म्हणून बाजूला झाला. नीट बाजूला झाला नाही म्हणून फोटोत तरी आला.

पुण्याला आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा चहा घेतला आणि गायब झाले. तासाभरानं सोसायटीचा वॉचमन सांगत आला, "तुमचे पाहुणे गच्चीवर टाकीत उतरलेत." आम्ही धावत गेलो. आबा विजार गुडघ्यावर दुमडून टाकीच्या तळाचा गाळ काढत होते. मला बघून म्हणाले, "पाव्हणं, टाकी घान असली तर मानसं पुन्यांदा येत न्हाईत." सोसायटीच्या चेअरमननं त्यांचे आभार मानले. माझ्याशी मात्र तो आजतागायत नीट बोलत नाही.

या सगळ्याचं कारण साधं होतं. आबांचं घर लोहगडवाडीला, गडाच्या पायथ्याशी. पण त्यांचं उभं आयुष्य गेलं लोणावळ्याला, मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर. माळी तेच, रखवालदार तेच, पंप चालू करणारे आणि चादरी बदलणारेही तेच. शुक्रवारी संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजायचा आणि सोमवारी सगळं आवरून होईपर्यंत आबांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी शुक्रवार आला की घोटून दाढी करायचे. म्हणायचे, "पार्टी यायची." कुठली पार्टी, हे आम्ही विचारत नसू. हसत असू.

विक्षिप्त माणसाचं हेच वाईट. त्याचं दुखणंसुद्धा लोकांना गंमत वाटतं.

सासूबाई गेल्यावर आबा वाडीवर एकटेच राहत. एकदा आमच्याकडून लोकलनं घरी निघाले आणि मळवलीला उतरायचे ते मध्येच घोरावाडीला उतरले. संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकड्यापाशी उभे. शेवटी एका चहावाल्यानं त्यांच्या खिशातल्या नंबरावर फोन लावला. माझा मेहुणा दत्ता न्यायला गेला तर म्हणाले, "ह्ये इस्टेशन बगायचं ऱ्हायलं व्हतं." ही गोष्ट आम्ही नातेवाइकांत रंगवून रंगवून सांगितली. भाजीत दोनदा मीठ पडलं, कुलूप लावून किल्ली आतच राहिली, शेजारणीला सासूबाईंच्या नावानं हाक मारली, सगळ्यावर आमचं उत्तर एकच, "आबाच ते!"

मग दत्ताच्या डोक्यात वाढदिवसाचं आलं. तो चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. तिथं साहेबांचेसुद्धा वाढदिवस होतात आणि हेल्परचेसुद्धा. आबांना वाढदिवस विचारला तर ते म्हणाले, "आय सांगायची, भाताच्या झोडणीत झालो. म्हंजी खळ्यावर कामाला मानूस कमी पडलं आसंल." एवढ्या माहितीवर दत्तानं झोडणीच्या दिवसांतला, स्वतःला सुट्टी मिळेल असा एक शनिवार-रविवार धरला. आणि आम्हाला सांगितलं, "आबांचा तो बंगला आता भाड्यानं देतात. शेठची पोरं परदेशी गेली. मी बुक केलाय. आयुष्यभर ज्या बंगल्याचं फाटक उघडलं, तिथल्या मोठ्या खोलीत आबा झोपणार. कुणी बोलायचं नाही. सरप्राइज."

शोभाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

आबांना लग्नाला जायचंय असं सांगून गाडीत घातलं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. वाटेत दोनदा विचारलं, "लगीन कुनाचं?" दत्ता म्हणाला, "कळेल." गाडी बंगल्याच्या रस्त्याला वळली तसे आबा ताठ झाले. फाटकापाशी दत्तानं हौसेनं हॉर्न दिला. गाडी पुरती थांबायच्या आत आबा दार उघडून खाली उतरले, फाटक सताड उघडलं आणि हात हलवत मागं मागं सरकू लागले, "येऊ द्या. येऊ द्या. डावीकडं घ्या. बास."

आम्ही पोट धरून हसलो. शोभानं मोबाइलवर शूटिंग केलं. त्या शूटिंगमध्ये आबांचा चेहरा स्पष्ट दिसतो. इतके आनंदात ते मला कधीच दिसले नव्हते.

त्यांनी आमच्या बॅगा आत नेल्या. नको नको म्हणताना नेल्या. "आबा, आज तुम्ही पाहुणे," दत्ता म्हणाला, तर ते नुसते हसले. तिथला आताचा केअरटेकर बिचारा गोंधळून गेला. आबांनी त्याला पंपाची वेळ विचारली, उशांचे अभ्रे उलटे करून पाहिले, आणि मोठ्या खोलीच्या दाराशी चपला काढून आत डोकावले. आत गेले नाहीत.

दुपारी चहाच्या वेळी दत्तानं केक मांडला. त्यावर मराठीत "आबा" लिहून घेतलं होतं. आबा भिंतीपाशी उभे, खांद्यावर पंचा.

"आबा, या. कापा," दत्ता म्हणाला.

आबांनी केककडं पाहिलं. मग दत्ताकडं पाहिलं. "कुनाचा वाडदिवस?"

"तुमचा."

आबा लाजून हसले. "काय साहेब, गरिबाची थट्टा करता व्हय."

आम्ही पुन्हा हसलो. हसणारे आम्ही तिघंच होतो, आणि त्यात शोभा सगळ्यांत आधी थांबली.

शेवटी दत्तानंच केक कापला. आबांनी बशा भरल्या, आम्हाला दिल्या, सांडलेला चुरा टिपून घेतला. मग उरलेल्या केकपाशी थोडे घुटमळले आणि खालच्या आवाजात दत्ताला म्हणाले, "साहेब, ह्यो ऱ्हायलेला तुकडा नेऊ का? घरी पोरं हायेत."

शोभा उठून व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेलो. ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "मंगळवारी यायचे आबा घरी. फक्त मंगळवारी. कागदात केक बांधून आणायचे. त्याच्यावर कुणाकुणाचं नाव असायचं, अर्धंमुर्धं. रोहन, पिंकी. दत्ता लहान होता, त्याला वाटायचं, केकवर दुसऱ्याचंच नाव असतं." तिनं वळून आत पाहिलं. "आबा थट्टा करत नाहीयेत रे. त्यांना आपण दिसत नाही आहोत."

दत्ताला मात्र ते पटेना. तो आत मोठमोठ्यानं बोलत होता, "आबा, अहो मी दत्ता! बघा तरी माझ्याकडं!" आबा घाबरून "चुकलं साहेब, चुकलं" म्हणत मागच्या दारानं निघून गेले. दत्ता खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. एवढा दणकट माणूस, पण आपले हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

बऱ्याच वेळानं आबांना शोधत आम्ही मागं गेलो. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर ते बसले होते. आयुष्यात मी त्यांना असं निवांत बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. मांडीवर कागदात बांधलेला केक. दत्ताला बघताच ते उठायला लागले. दत्तानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारी बसला.

"साहेब, हितं नका बसू. कापडं खराब व्हतील."

"होऊ द्या." दत्तानं त्यांच्या मांडीवरच्या केककडं पाहिलं. "किती पोरं आहेत तुम्हाला?"

"दोन. पोरगी थोरली. लय गुनाची. आयला हातभार लावती." आबांचा आवाज एकदम मऊ झाला. "दत्तू धाकला. त्यो जरा बुजरा हाय."

"बुजरा?"

"मी मंगळवारी जातो न्हवं का साहेब. तर आयच्या मागं दडतंय. माज्याकडं येत न्हाई. बारकं पोर हाय, आटवडाभर बाप दिसला न्हाई तर वळख ऱ्हात न्हाई."

दत्ता बराच वेळ अंगणातल्या आंब्याकडं बघत राहिला. तो आंबा आबांनीच लावलेला. मग म्हणाला, "वाईट वाटत असेल तुम्हाला."

"वाईट कशाचं? लेकरू हाय." आबा समजुतीनं हसले. साहेबाला एवढंही ठाऊक नाही, याचं त्यांना थोडं नवल वाटलं असावं. "आपन रागवायचं न्हाई. हाका मारायच्या न्हाईत. गपचिप जवळ बसायचं. बसल्या बसल्या वळखतंय."

दत्तानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. आबा कावरेबावरे झाले, पंच्यानं स्वतःचा हात पुसला आणि तो हात दत्ताच्या पाठीवर ठेवावा की न ठेवावा, असा बराच वेळ हवेत धरून राहिले. शेवटी ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना वाडीला नेलं नाही. दत्ता त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि फार आशा धरू नका हेही सांगितलं. तेव्हापासून कंपनीतून आला की दत्ता हातपाय धुतो आणि आबांच्या कॉटला टेकून खाली फरशीवर बसतो. टीव्ही लावत नाही, मोबाइल बघत नाही. कधी आबा "दत्तू" म्हणतात. कधी "साहेब". बऱ्याचदा काहीच म्हणत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा दोघं तसेच बसले होते. आबा खिडकीबाहेर बघत होते. मी दारातूनच खुणेनं विचारलं, ओळखलं का?

दत्तानं मान हलवली. नाही.

आणि आबांच्या पायाशी आणखी थोडा सरकून बसला.