म्हातारीला पटले नाही

भिवातात्यांनी सहा वर्षांत माझे एकही पान तसेच सोडले नाही. मी शाईने लिहायचो, ते खाली पेन्सिलीने लिहायचे : "वाचले. पोचले. म्हातारीला पटले नाही." एवढ्यावर थांबते तर चालले असते. पण पान लांबले की समासात एक बाण असायचा आणि बाणाशेजारी : "इथे म्हातारी झोपली."

माझ्या लिहिण्यावर पुष्कळांनी टीका केली आहे. सरपंचांनी केली, आमच्याच चळवळीतल्या दोन्ही गटांनी केली. पण माझ्या नेमक्या कुठल्या वाक्याला झोप लागते, हे बाण काढून दाखवणारा माणूस एकच.

आधी वही काय ते सांगतो. मी महाडला एका छापखान्यात खिळे जुळवतो. कामाच्या वेळात लग्नपत्रिका, उरलेल्या वेळात आमची पत्रके. पत्रकांचे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे. स्टँडवर त्यातून मीच भजी खाल्ली आहेत, आणि "बंधूंनो, जागे व्हा" हे माझेच शब्द तेलाने पारदर्शक झालेले पाहिले आहेत. त्या कंटाळ्यातून वही निघाली. महाड-पोलादपूरकडच्या अकरा वाड्या, अकरा माणसे, दोनशे पानांची एक वही. खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, पुढच्याने आपल्या फाट्यावर उतरवून घ्यायची. आपल्या वाडीचे प्रश्न लिहायचे, दुसऱ्यांचे वाचायचे. नियम एकच : चार दिवसांत वही पुढे गेली पाहिजे.

आम्ही बहुतेकांनी एकमेकांची तोंडे पाहिलेली नव्हती. अक्षरावरून माणूस ओळखायचा. बिरवाडीच्या शिक्षिका लीलाताई गोल गोल लिहायच्या, पोलादपूरचा यशवंत शिंपी टाके घातल्यासारखे तुटक लिहायचा. आणि आंबेनळी घाटाखालच्या वाडीतले भिवातात्या एकेक अक्षर कोरायचे, कागद मागून उठून यायचा.

प्रश्न लिहा म्हटले तर तात्या लिहीत, "कोंबडी खुडूक बसली आहे. घाटात धुके. कापडे गावाकडे आहे काय, कळवावे." धुके की खुडूक, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. लीलाताईंच्या खोकल्याची चौकशी वहीच्या तीन फेऱ्या चालली. शेवटी मी ठणकावले : "ही चळवळीची वही आहे, खुशालीची नव्हे!" खाली पेन्सिलीने आले : "वाचले. पोचले. म्हातारी विचारते, खोकला गेला का तेवढे तरी सांगा."

एकदा मी सहा पाने लिहिली. एका गावात विहिरीवर आमच्या बायकांना दोर टाकू देत नव्हते. वरून कुणी ओतील तेव्हा खाली धरायचे. चवदार तळ्याच्या तालुक्यात, इतक्या वर्षांनी! मोर्चा ठरला, घोषणा ठरल्या, निवेदन मीच छापले. तात्यांचा शेरा : "म्हातारी म्हणते, मोर्चात कळश्या किती, ते लिहिलेले नाही." मी अर्धे पान संतापलो. तात्यांनी म्हातारीच्या पदराआड लपू नये, विरोध असेल तर स्वतःच्या नावाने करावा, असे काय काय लिहिले.

मोर्चा गेला. निवेदन घेतले, पोच मिळाली, चहाही मिळाला, वेगळ्या ठेवलेल्या कपांतून. आम्ही पाण्याविना परत आलो. दुसऱ्या खेपेला बायका कळश्या घेऊन गेल्या, दोर टाकला, पाणी भरून आल्या. ते मी वहीत सविस्तर लिहिले. कळश्या कुणाला सुचल्या, ते लिहायचे राहिले. तात्यांनी खाली लिहिले, "वाचले. पोचले. म्हातारी जागी होती."

तोवर आमचे सर्वांचे एकमत झाले होते की म्हातारी मुळात नाहीच. यशवंत एकदा छापखान्यात आला तेव्हा म्हणाला, "अरे, सोताच्या तोंडानं बोलायची छाती नाय, म्हणून म्हातारी काढली हाय त्यानं." विचारायची सोय नव्हती. दर मार्चमध्ये तळ्यावर भेटायचे आम्ही ठरवायचो. तात्या दरवर्षी "येतो" लिहायचे आणि दरवर्षी यायचे नाहीत. वही मात्र त्यांच्याकडे आठ-नऊ दिवस पडायची. कारण ठरलेले : "म्हातारीने परत वाचायला लावले."

गेल्या मार्चच्या तोंडावर वही तात्यांकडे बारा दिवस अडकली. कोणी कुठे जमायचे, कोणी काय आणायचे, सगळे तिच्यात. मी छापखान्यात उभ्या उभ्या कार्ड लिहिले : "नियम आपण वारंवार मोडता. म्हातारीची सबब यापुढे चालणार नाही. आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे."

आठवड्याने वही आली. शेवटच्या पानावर भलतेच अक्षर : "भिवा तात्या वारले. वही उशाशी होती. कोणाला द्यायची कळेना. पिशवीवर पत्ता होता तिकडे धाडली." खाली तारीख होती. मी कार्ड लिहिले तेव्हा तात्यांना जाऊन सहा दिवस झाले होते.

कार्डाचे मी कुणाला सांगितले नाही. श्रद्धांजलीचे पहिले पान लिहिले आणि वही सोडली. त्या फेरीत कुणी दोन दिवसांवर ठेवली नाही. सहा वर्षे मी ओरडून जे झाले नव्हते, ते झाले. वही परत आली आणि मी वाचायला बसलो, तर प्रत्येकाचा माणूस निराळा मेलेला. लीलाताईंचे तात्या शांत, मितभाषी, निवृत्त शिक्षक होते. यशवंताचे उंचपुरे, मिशीवाले, पलटणीतून आलेले. एकाने तर तात्या अविवाहित होते असे धरून त्यांच्या त्यागाबद्दल दीड पान लिहिले होते.

कुणीतरी जायला हवे होते. नियम करणारा मी, म्हणून मीच गेलो. घाटाच्या गाडीने फाट्यावर उतरलो, वर चढलो. शेजारणीने दार दाखवले. आत खाटेवर, भिंतीला टेकून, म्हातारी बसली होती.

"कोन रे?"

"महाडचा. वहीवाला."

"मोठाली पानं लिवतो तो?"

"हो."

"बस. पानी घे, मडक्यातलं. मला उठता येत नाय."

म्हातारीचे नाव सोनाबाई. तिची कंबर आठ वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नव्हता. "तळ्याला जाऊन ये, बोलायची मी. तर तो बोलायचा, तुला कोन उठवील, कोन बसवील? आनि वहीत लिवायचा, येतो. बोलायचा, नाय येत असं लिवलं तर ते लोक नाव काढतील."

मी घाईघाईने वही उघडली आणि श्रद्धांजल्या वाचू लागलो.

"शांत? कोन बोलतो? कोंबडी घरात शिरली तर अख्खी वाडी गोळा व्हायची एवढा वरडायचा."

"पलटन कसली रे! घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायचा. मरायच्या आदल्या दिसापर्यंत. लिवायला शिकला तो म्हातारपनी, वर्गात जाऊन. बोट ठेवून वाचायचा. एक पान, एक दिस."

त्यागाचे दीड पान तिने पुरते ऐकून घेतले. मग म्हणाली, "लगीन नाय केलं? मग मी कोन रे, भाड्यानं आनलेली?"

मी हसलो, तीही हसली. हसता हसता तिने उशीखालून कार्ड काढले. "हे पन तुमच्यातलंच. पोस्टमन बोलला, वाचू का? मी बोलली नको. वहीचं हाय, वहीवाला येईल, तो वाचील."

माझे अक्षर होते. खुशालीच्या चार ओळी तिथल्या तिथे जुळवणे मला अवघड नव्हते. जुळवणे हाच माझा धंदा. पण समोर ती बसली होती, आणि मोर्चात कळश्या नाहीत हे तिला एवढ्या लांबून, खाटेवरून दिसले होते. मी वाचले. म्हातारीच्या सबबीसकट.

"परत वाच."

परत वाचले.

"उशीर व्हायचाच," ती म्हणाली. "माझ्यामुळं. मीच बोलायची परत वाच." तिने कार्ड परत घेतले. "नाव काढलंस?"

"काढलं, आजी."

"म्हंजे जागा रिकामी हाय. माझं घाल."

"आजी, वाचून कोण दाखवील?"

"आलायस ना तू?"

यादीत आता पुन्हा अकरा नावे आहेत. अकराव्यापुढे अंगठा आहे. वही घाटाखाली पोचली की मी रविवारी जातो, पुढच्या रविवारी पुन्हा जातो; एका बैठकीत तिचे होत नाही. वही तिथे नऊ-दहा दिवस राहते. अजून कुणाचे कार्ड आलेले नाही.

हे लिहिलेलेही परवा तिला वाचून दाखवले. शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून ऐकले तिने.

"नाय पटलं."

"काय नाही पटलं?"

"मी कदी झोपली नाय. दिसभर पडून असते, मला कुठची झोप? तोच खडी फोडून यायचा नि वाचता वाचता कलंडायचा. उठला की विचारायचा, कुठवर आलो होतो गो? त्याचं बोट कुठं थांबलं, ते मी दावायची. तिथं बान काढायचा नि नाव माझं लावायचा." तिने पदर सारखा केला. "मी हाक नाय मारायची. वही छातीवर वर-खाली व्हायची, ती बघत बसायची."

पेन्सिल माझ्याजवळ होती. "मग काय लिहू, आजी?"

"बान काढ," ती म्हणाली. "नि लिव, इथं तात्या झोपला."