जावईबापूंचं कापूसधोरण

सकाळी सातला जठारपेठेत प्रा. महादेवराव गावंडे यांच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला, आणि तो शिगोशीग कापसानं भरलेला होता.

सर तेव्हा आरशापुढे टाय बांधत होते. परराष्ट्र धोरण शिकवण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती आणि आज दुपारी अमरावतीला त्यांची बढतीची मुलाखत होती. वर कापूस, खाली चाकं, मध्ये काचेतून दिसणारे चुलतसासरे नत्थुजी, असं ते दृश्य पाहून सरांच्या टायला तिसरीच गाठ बसली.

"मामाजी, हे काय?"

"कापूस," नत्थुजी खाली उतरत म्हणाले. "तुमीच थांबाले सांगतलं होतं ना?"

सांगितलं होतं खरं. नोव्हेंबरात बाळापूरजवळ सासुरवाडीला रोडग्यांची पंगत होती. सरांना वांग्याची भाजी तीनदा वाढली गेली, मग कोणीतरी विचारलं, "जवाईबापू, यंदा कापूस विकाव का ठेवाव?" एरवी सर म्हणाले असते, एका बाजूनं पाहता असं, दुसऱ्या बाजूनं पाहता तसं. त्यांचे दोन शोधनिबंध तर नुसते या बाजू मोजण्यात संपले होते. पण त्या दिवशी पोट भरलं होतं, समोर अख्खं गाव मांडी घालून बसलं होतं. सर पुढच्या महिन्यात हाँगकाँगला होणाऱ्या व्यापार परिषदेवर पाऊण तास बोलले, अमेरिकेच्या शेतकऱ्यांना मिळणारं अनुदान कसं कमी होईल ते समजावलं, आणि शेवटी बोट वर करून म्हणाले, "थांबा. भाव चढणार."

परिषद झाली. जानेवारी अर्धा सरला. भाव काही चढेना. सर रोज पेपरातलं बाजारभावाचं पान आधी उघडत आणि लगेच मिटून टाकत. आपल्या एका शब्दावर अख्खं गाव कापसात बसलंय, या विचारानं त्यांची झोप उडाली होती.

"पण मामाजी, इथं काहून आणला?"

"घरी लगन हाय पोरीचं. मांडवाले जागा नाही, पाव्हन्यायले निजाले जागा नाही. अन् आभाय तं पाहा!"

आभाळ खरंच काळवंडलं होतं. टेम्पोवाले बद्रुद्दीनभाई घाई करू लागले, "सर, एक बूंद पडली ना, तं याचा भाव अमेरिका बी नाही वाचवू शकत!"

कापूस दिवाणखान्यात शिरू लागला. "जवाईबापू, तुमी हात नोका लावू," नत्थुजी पुन्हा पुन्हा बजावत होते, कारण जावयानं ओझं उचललं तर गावात तोंड कसं दाखवायचं? पण पहिला थेंब टकलावर पडताच सर काळ्या कोटासकट धावले. अर्ध्या तासात सोफा बुडाला, टेबल बुडालं, टेबलावरची मुलाखतीची फाईलही बुडाली.

"अवं, माझी फाईल!"

"कोन्या कोपऱ्यात होती?" सरांच्या पत्नी कौशल्याबाईंनी विचारलं.

आता कोपरेच उरले नव्हते. शेवटी सर रिकाम्या हातांनी एसटीत बसले. कोटावर इतका कापूस चिकटला होता, की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "गाद्या भरता काय, भाऊ?"

मुलाखतीला समोर तिघं होते. एक दिल्लीचे तज्ज्ञ, एक नागपूरचे, आणि मधोमध अध्यक्ष खुशालराव. सर उजव्या हातानं मान खाजवत आत गेले आणि डाव्यानं खाजवत बसले.

"हाँगकाँगनंतर," दिल्लीकरांनी विचारलं, "कापसाच्या दराचं काय होईल, असं आपलं मत?"

सरांच्या जिभेवर दोन्ही बाजू तयार होत्या. पण डोळ्यांपुढे दिवाणखाना उभा राहिला. पंख्यापर्यंत भरलेला. आणि त्यामागे अख्खं गाव.

"मले माहीत नाही," सर म्हणाले.

मग सरांनी पंगतीपासून टेम्पोपर्यंत सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी जगाबद्दल बोललो, साहेब, अन् कोणाचं काही बिघडलं नाही. कारण कोणी ऐकतच नव्हतं. हे लोक ऐकून बसले. आता तुम्ही तिघं तज्ज्ञ आहात. विकायचा का ठेवायचा, तेवढं सांगा."

दिल्लीकर म्हणाले, ठेवा. नागपूरकर म्हणाले, विका. वीस मिनिटं दोघं एकमेकांवर तुटून पडले. उमेदवाराला पुढं काही विचारायचं राहूनच गेलं.

सर बाहेर पडले तसे खुशालराव मागून लगबगीनं आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "गावंडे, पदाची काळजी नका करू. पण खरं सांगा, आमचंही भातकुलीचं घर कापसानं भरलं हाय. काय करू?"

"सर, खरंच नाही माहीत."

"हं," खुशालराव खट्टू झाले आणि आत गेले.

संध्याकाळी सर घरी पोचले. नत्थुजी स्वयंपाकघरात चहा पीत होते. सरांनी कोट काढला नाही की पाणी घेतलं नाही.

"मामाजी, माझं चुकलं. मी नको ते बोललो. अख्ख्या गावाचं नुकसान केलं."

"गावाचं कायचं?" नत्थुजींनी बशी खाली ठेवली. "गावानं तं दुसऱ्याच दिवशी इकला."

"आँ? सगळ्यांनी?"

"सगळ्यायनं. तुमाले वाईट वाटन म्हनून सांगतलं नाही कोनी. भाषन मातर लय आवडलं लोकायले."

सरांना हायसं वाटलं, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलंही. "मग तुमी काहून ठेवला?"

"घ्या! जवायाचा शब्द. घरच्या एका मानसानं तरी पाळला पाह्यजे का नाही?"

सरांनी चष्मा पुसला. "मामाजी, उद्या सकाळी टेम्पो बोलवा. विकून टाका."

नत्थुजींनी एवढा मोठा श्वास सोडला, की कौशल्याबाई ओट्याकडून वळल्या.

"झालं बाप्पा! दोन महिने झाले, तुमच्या तोंडून हेच निंगाची वाट पाहून राहिलो. तुमी थांबा म्हनले, तं इका बी तुमीच म्हनाले पाह्यजे ना! मी कसा मोडू?"

"मग तसं सांगायचं ना मला!"

"जवायाले कसं सांगाव?" नत्थुजींनी बशी पुन्हा उचलली. "म्हनून तं तुमच्या घरात आनून टाकला."