कुसुमबाईचं रडणं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगतलं नाही तं माह्यं डोकं फुटन. आमच्या दवाखान्यातली कुसुमबाई नर्स, चांगली पन्नाशीची बाई, बाळंतिनीच्या खाटेवर आडवी होते आन तान्ह्या लेकरावानी रडते. हातपाय झाडून. मंग एक डोळा उघडून इचारते, "सांग वं, मले काय झालं?"

ही तिची परीक्षा. भुकेचं रडणं येगळं, दुपटं ओलं झाल्याचं येगळं. वळखलं तं लेकरू घेऊन घरी जा. नाही तं, "नापास. झोप." डॉक्टरनं सुट्टी देल्ली तरी इची सुट्टी बाकीच राह्यते.

माही पह्यलीच खेप. पोरगी झाली, तं मायनं पह्यला चीक फेकायले वाटी मांगतली. कुसुमबाई कडाडली, "म्हशीच्या चिकाचा खरवस बोटं चाटून खाता, आन लेकीचा चीक मोरीत ओतता काहून?" माह्या मायले, सगळ्या वार्डासमोर. असा राग आला मले.

घरी जायच्या दिवशी तं हद्दच झाली. जऊळक्याहून बाबा बैलबंडी घेऊन आलेले. माय म्हने, "बाई, आज पाचवी हाये. सटवाई लेकराचं नशीब लिहायले घरी येईन, आन लेकरूच नाही."

"मंग तिले दवाखान्याचा पत्ता द्या," कुसुमबाई म्हने, आन भितीवरच्या कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली आडवी झाली.

पह्यलं रडणं. "भूक," मी म्हनलं. बरोबर. दुसरं. "ओलं." बरोबर. तिसरं मात्र बारीक, रेंगाळत रडली.

"पोट दुखते."

"नापास."

"मुंगी चावली."

"नापास."

"झबलं टोचते."

"नापास."

बाहेर बाबा खाकरून राह्यले, बैल घंट्या वाजवून राह्यले, आन हे बाई रडूनच राह्यली. मी अशी भडकली, का खाटेवर चढून बसली, तिचं डोकं वढून मांडीवर घेतलं आन रागारागानं थापटलं. "उगी वं माय, उगी."

रडणं बंद.

"हे," कुसुमबाई डोळे मिटूनच म्हने. "याले कारण नसते. जवळ घ्या लागते, बस."

"मंग पास?"

"पास."

पन उठे ना. ते दवाखान्यामांगच्या खोलीत एकटीच राह्यते. जरा वेळानं हळूच म्हने, "थापट अजून जराशी."

मायनं खिडकीतून बाबाले हात केला, थांबा म्हनून.

राग अजून हायेच मले. पन सांगा, तुमाले घरी सोडाच्या आधी कोनी असं रडून दाखोलं होतं काय?