हयातीचा दाखला, भाग पहिला आणि दुसरा

वडसोलीच्या पेन्शन कार्यालयाला जिना नाही. तिसऱ्या मजल्यावर जायला तिथे एक व्हिडिओ गेम आहे, आणि गेल्या मे महिन्यात त्याचा दुसरा भागही बसवण्यात आला.

पहिला भाग डाव्या हाताला. अरुंद, उभा, कडक शिस्तीचा. फळ्यांमधली अंतरं नेमकी, खाली खिळे, आणि पाऊल सूतभर चुकलं तरी माणूस मरतो. मेल्यावर ‘टप्’ असा आवाज होतो आणि माणूस पुन्हा तळाशी, पहिल्या फळीसमोर उभा असतो. कपड्यांना चुणीसुद्धा पडत नाही. उजवीकडचा दुसरा भाग ऐसपैस आहे. त्यात जागोजाग कंदील आहेत. कंदिलाला हात लावून पुढे गेलं की मेल्यावर तिथूनच सुरुवात होते. हवेत असताना आणखी एक उडी मारता येते, जोडीनं खेळता येतं, आणि मागे संगीत चालू असतं. पण तो पहिल्याच्या तिप्पट लांब आहे.

तीस नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं दाखवण्याचा शेवटचा दिवस. सकाळी अकराला प्रमिला उपळेकर आणि त्यांचे पती विश्वनाथ रिक्षातून उतरले तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. प्रमिलाताईंनी मुलींच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं शिवणकाम शिकवलं होतं. मार्चमध्ये त्यांचा उजवा गुडघा बदलला होता, डॉक्टरांनी उड्या मारायला परवानगीही दिली होती. तरी यंदा दुसरा भाग घेऊ, असं विश्वनाथरावांचं म्हणणं होतं. प्रमिलाताईंच्या मते दुसरा भाग ज्यांना शिकायचंच नाही त्यांच्यासाठी होता. रिक्षात यावर बरंच बोलणं झालं. शेवटी विश्वनाथराव म्हणाले, “नऊ वर्षं मी तुझ्या टाचा बघत वर आलोय. यंदा मला जरा इकडंतिकडं बघायचंय.”

ते प्रमिलाताईंना लागलं. त्यांनी शिपाई कोळेकरांकडून आपल्या अर्जावर ‘भाग पहिला’ असा शिक्का मारून घेतला. विश्वनाथरावांनी दुसऱ्या भागाचा घेतला.

गेल्या वर्षी प्रमिलाताई एकेचाळीस वेळा मरून वर पोचल्या होत्या. या वर्षी एक वाजेपर्यंतच त्या एकशे तीस वेळा मेल्या. चौथी फळी काही केल्या साधेना. कोळेकरांनी त्यांना डबा खाऊन घ्यायला सांगितलं. चपाती खाताखाता त्यांनी विचार केला, की गुडघा नवीन, माप मात्र जुनं. अंग बदललं तर कापड पुन्हा बेतावं लागतं, हे त्या मुलींना वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्यांना वाटत होतं गुडघा कमी पडतोय. प्रत्यक्षात तो जास्त उडवत होता. त्या दर वेळी फळीच्या पलीकडे पडत होत्या. मग त्यांनी चार बोटं मागून उडी घ्यायला सुरुवात केली, आणि पावणेचारला तिसऱ्या मजल्यावर उभ्या राहिल्या.

टेबलामागे कारकून गवंडे होते.

“किती वेळा मेलात?”

“दोनशे चौदा.”

“आणि सध्या?”

“सध्या जिवंत आहे.”

गवंड्यांनी दोन्ही नोंदी केल्या आणि दाखला दिला. खाली जायला लिफ्ट आहे, ती फक्त खालीच जाते, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. प्रमिलाताईंनी आधी विश्वनाथरावांची चौकशी केली. ते अजून आले नव्हते. कठड्यावरून वाकून पाहिलं तर ते दुसऱ्या मजल्याच्या कंदिलापाशी होते. उडी घेत होते, मरत होते, कंदिलापाशी उभे राहत होते आणि मधल्या वेळात मागच्या संगीतावर मान डोलावत होते. हवेतली दुसरी उडी ते पहिलीला लागूनच मारत होते, म्हणून पलीकडे पोचत नव्हते. दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर थांबायला हवं, हे त्यांना सांगणारं तिथे कोणी नव्हतं. कार्यालय पावणेसहाला बंद होणार होतं.

प्रमिलाताईंनी दुसऱ्या भागाचा कोरा अर्ज मागितला.

गवंड्यांनी नियमांची फाईल पाहिली. कोणताही हयात पेन्शनर अर्ज करू शकतो, असं तिच्यात होतं, आणि बाई हयात असल्याचा दाखला त्यांनी नुकताच स्वतः दिला होता. फक्त कारणाचा रकाना भरावा लागेल, असं ते म्हणाले. प्रमिलाताईंनी त्यात ‘सोबत’ असं लिहिलं.

दुसऱ्या भागात जोडीदार आला की तो थेट आधीपासून खेळणाऱ्याच्या कंदिलापाशी उभा राहतो. विश्वनाथराव त्यांना बघून सरकले आणि त्यांनी जागा करून दिली.

“मी ‘आता’ म्हणेन, तेव्हा दुसरी उडी,” प्रमिलाताई म्हणाल्या. “त्याच्या आधी नाही.”

दोघं एकतीस वेळा एकत्र मेले. आठव्या वेळी प्रमिलाताई ‘आता’ म्हणता म्हणता ‘आ’वरच मेल्या, आणि दोघांना एवढं हसू आलं की पुढच्या तीन उड्या हसण्यातच गेल्या. मग अंतर साधलं. त्यापुढच्या भिंतीला खिडक्या होत्या. एका खिडकीतून त्यांचं घर दिसलं, गच्चीवर वाळत घातलेलं त्यांचं हिरवं लुगडंही दिसलं. पहिल्या भागाला खिडक्या नाहीत. प्रमिलाताई तिथे मुद्दाम एकदा पडल्या, पुन्हा पाहायला मिळावं म्हणून.

पाच अडतीसला दोघं टेबलासमोर होते. विश्वनाथराव तीनशे सत्तर वेळा मेले होते आणि हयात होते. त्यांचा दाखला झाला. प्रमिलाताईंचाही दुसरा दाखला झाला, आणि तिथे गवंड्यांचं पेन थांबलं. एका माणसाला एका वर्षात एकदाच हयात राहता येतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. दप्तरी पहिल्या भागाचा दाखला राहील किंवा दुसऱ्या भागाचा. कोणता ठेवायचा ते बाईंनीच ठरवायचं होतं.

प्रमिलाताईंनी दोन्ही कागद हातात घेऊन बघितले.

“पहिला तुम्ही ठेवा,” त्या म्हणाल्या. “दुसरा मी घरी नेते.”

गवंड्यांनी पुन्हा फाईल चाळली. हयात घरी नेऊ नये, असं तिच्यात कुठेच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दाखल्यावर ‘घरी नेला’ असा शेरा मारला, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत दोघांना बसायला सांगितलं.