पाचव्या अक्षराचा दहावा

गुपित एकाच्या पोटात असेल तर ते गुपित, दोघांच्या पोटात असेल तर ती बातमी आणि संचालक मंडळाच्या पोटात असेल तर तो ठराव. देवगडजवळच्या एका बंदरातल्या होडीवाल्यांच्या सहकारी संस्थेचे सचिव काशीराम हे तत्त्व सत्तावीस वर्षे पाळत आले होते. म्हणून २००९ च्या जूनमध्ये मत्स्यव्यवसाय कार्यालयाचे परिपत्रक आले, तेव्हा ते त्यांनी एकदा उभ्याने आणि एकदा बसून वाचले.

यापुढे होड्यांची यादी कागदावर चालणार नव्हती. ती एकतीस जुलैच्या आत, कार्यालयाने संस्थेला उघडून दिलेल्या संगणकावरच्या खात्यातून पाठवायची होती. नाही पाठवली, तर हंगामात एकही होडी पाण्यात उतरणार नव्हती. खात्याला पासवर्ड मजबूत हवा होता. त्यात मोठे अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह हवे. बायको, मूल, देव, गाव व होडी यांपैकी कोणाचेही नाव नको. तो कुठे लिहू नये, कोणाला सांगू नये. तीनदा चुकला की खाते कायमचे बंद. (ते पुन्हा उघडण्याचा अर्ज त्याच खात्यातून करायचा होता.)

पासवर्ड आपणच करावा, असे काशीराम यांच्या मनात होते.

"सगळो पासवर्ड एकट्याच्या टकलेत ऱ्हवलो, तर तो उद्या संस्था इकून टाकीत," संचालक लवू बैठकीत शांतपणे म्हणाले.

काशीराम यांना ते लागले. पण त्यांनी ते वाक्य इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहून घेतले.

सचिवांना धरून संचालक नऊ. तेव्हा पासवर्डही नऊ खुणांचा असावा, प्रत्येकाने आपली एक खूण निवडून ती आपल्यापुरती लक्षात ठेवावी, असे एकमताने ठरले. (अशी व्यवस्था मुंबईच्या बँकांतही नव्हती, यावरून ती किती पुढची होती हे कळते.) पासवर्ड विसरल्यास खाते विचारणार असलेल्या 'आवडता मासा कोणता?' या प्रश्नावर अडीच तास चर्चा झाली. सुरमईला चार मते, बांगड्याला चार. डॉक्टरांनी मासे बंद केलेले भिकाजी तटस्थ राहिले. उत्तराची जागा रिकामी ठेवण्यात आली.

देवगडला वर्षालीचे संगणक केंद्र होते. तिथे नऊ जण टेम्पो करून गेले. एकेकाने पुढे व्हायचे, छत्री उघडून तिच्याआड आपले बटण दाबायचे. बाकी आठांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. पडद्यावर नऊ काळे ठिपके उमटले आणि संगणकाने पासवर्ड मजबूत असल्याचे कळवले. काशीराम यांचा ऊर भरून आला.

सोळा जुलैला भिकाजी वारले. चाळीस वर्षे जाळी विणलेला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. जाताना पाचवी खूण सोबत घेऊन गेला. काशीराम यांना बालमित्र गेल्याचे दुःख होते आणि पाचवी खूण गेल्याचेही होते. त्यातले मोठे कोणते हे त्यांना ठरवता येईना, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मंडळ सांत्वनाला गेले.

"वैनी, शेवटाक काय बोललो काय तो?" काशीराम यांनी भिकाजींच्या बायकोला, सुभद्रांना, विचारले.

"पाणी मागल्यानी," त्या म्हणाल्या.

मंडळ तडक देवगडला गेले. आधी पाचवी जागा श्रद्धांजली म्हणून रिकामी सोडून पाहिली. चुकले. मग पाण्याचा 'पी' दाबला. चुकले.

"काका, आता एकच खेप ऱ्हवली," वर्षाली म्हणाली.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळे तेवीस जमले, शिवेना एकही. मुलाने घराची कौले बदलायचे वचन दिले, धाकट्या बहिणीला, संचिताला, कॉलेजात घालायचे वचन दिले. दीड तास गेला. अखेर काशीराम पुढे झाले.

"भिकाजी, तुझो जीव खंय अडाकलो हा, ता माका ठावक आसा," असे म्हणून त्यांनी हात जोडले आणि 'ए'पासून सुरुवात केली. सव्वीस मोठी अक्षरे झाली. सव्वीस लहान झाली (ही त्यांनी हळू आवाजात म्हटली). दहा आकडे झाले. कावळे ढिम्म. चिन्हांची नावे येत नसल्याने ती ते छत्रीच्या टोकाने वाळूत काढू लागले. चौथे चिन्ह दोन उभ्या, दोन आडव्या रेघांचे होते, जाळ्याच्या डोळ्यासारखे. ते पुरे होतेय तोच कावळा पिंडाला शिवला.

भिकाजींच्या घरी येऊन त्यांनी सुभद्रांना ते चिन्ह ओसरीवर काढून दाखवले.

"ताच ता," त्या म्हणाल्या. "शेवटाक चादरीर बोटांनी ताच काढी होते."

"मगे वैनी, आधी सांगूक नाय?"

"तुमी काय बोलले ता इचारलात. बोटांनी काय काढल्यानी ता खंय इचारलात?"

शेवटी भिकाजीला फार दुखले का, हेही काशीराम यांच्याकडून विचारायचे राहूनच गेले होते. ते त्यांनी आता विचारले. सुभद्रा बराच वेळ बोलत होत्या, आणि त्या दिवशीचा देवगडचा टेम्पो चुकला.

दुसऱ्या दिवशी आठ जणांनी आपापली बटणे दाबली, पाचवे कावळ्याच्या वतीने काशीराम यांनी दाबले आणि खाते उघडले. यादी गेली. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या. पुढच्या बैठकीत दोन ठराव आले. संचालकांनी आपल्या निधनाची लेखी पूर्वसूचना किमान तीन दिवस आधी द्यावी, हा मंजूर झाला. कावळ्याच्या अभिनंदनाचा, तो सभासद नसल्याने, फेटाळला गेला.

ही हकिगत ऐकून देवगडच्या बाजारात पुष्कळ लोक हसले. तुम्हीही हसला असाल, हरकत नाही. होडीवाल्यांनी निदान आठ खुणा आठ जित्या माणसांकडे ठेवल्या होत्या. तुमच्या सगळ्याच्या सगळ्या तुमच्या एकट्याकडे आहेत. तेव्हा तुमच्या दहाव्याला पोरांनी कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायची, तेवढे घरी सांगून ठेवा.