दोन जागांत लावलेली एक गाडी

‘डोळा ससाण्याचा, नाक कुत्र्याचं, कान सशाचे आणि मेंदू माझा स्वतःचा.’

माझा मेहुणा आपली ओळख अशी करून देतो. एवढे प्राणी एकाच अंगात राहायला आल्यावर माणसाला जागा कुठे उरते, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि धाकट्या भावाला कुणी काही विचारलेलं तिला खपायचं नाही. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत त्याने एकतीस वर्षं कारकुनी केली. त्याच्या मते ती कारकुनी नव्हती, तपास होता. निवृत्त झाल्यावर त्याने कार्ड छापून घेतलं: ‘शोधसम्राट. हरवलेलं, लपवलेलं आणि मुळात नसलेलंही शोधून मिळेल.’ यातलं तिसरं काम तो उत्तम करतो.

या केसमध्ये अशील मी, मदतनीस मी आणि संशयितही मीच. म्हणून हकीकतही मीच लिहितोय. मला नटवून लिहिता येत नाही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. तिथे बोलणं कमी आणि ओरडणं जास्त असतं.

केस अशी. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या पार्किंग विभागाचं पत्र आलं. माझी गाडी अमुक तारखेला दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी त्यांच्या आवारात दोन जागा अडवून वाकडी उभी होती, सबब दंड. पत्र पाठवायला आठ महिने उशीर झाल्याबद्दल दिलगिरी. सोबत फोटो. गाडी माझीच. बसमध्ये एखादी बाई दोन सीटवर पिशव्या मांडून बसते, तशी ती मधल्या पांढऱ्या रेघेवर ऐसपैस बसली होती.

ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी मला हृदयविकाराचा झटका आला होता. मी अंगणात गाडीची मागची सीट पुसत होतो, तो तिथेच आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळ्या होत्या आणि डॉक्टर सांगत होते की आणखी पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर नळ्यांचीही गरज पडली नसती. बायको उशाशी होती.

‘मला आणलं कुणी?’ मी विचारलं.

‘होता एक भला माणूस,’ ती म्हणाली. ‘रस्त्यानं चालला होता. चावी माझ्या हातात दिली आणि गेला. नाव नाही सांगितलं.’

मी बरा झालो. पाच महिन्यांनी ती गेली. तिच्या वेळी त्याच आवारात मी गाडी रेघेच्या आत अगदी सरळ लावली होती. उपयोग झाला नाही.

पत्राच्या मागे दोन रस्ते दिले होते. तातडीचा प्रसंग असेल तर दंड माफ होईल, पण गाडी लावणाऱ्याने स्वतःच्या सहीने खुलासा द्यायचा. नाहीतर मालकाने ‘गाडी मी चुकीची लावली’ असं लिहून दंड भरायचा. मुदत पंधरा दिवस.

दंडाचं मला काही वाटत नव्हतं. पण ते वाक्य लिहवत नव्हतं. तीस वर्षं मी लोकांना गाडी लावायला शिकवतोय. न्हाव्याने स्वतःचे केस वाकडे कापल्याची कबुली द्यावी तशातला हा प्रकार.

‘दाजी, दंड भरायचा नाही!’ मेहुणा म्हणाला. ‘तो भला माणूस मी हुडकून काढतो. त्याची सही घेऊ आणि दंड त्यांच्या तोंडावर मारू.’

ताई गेल्यापासून तो रोज माझ्याकडे यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि काही न बोलता घरी जायचा. तीन महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला म्हणून मी हो म्हटलं. शिवाय मलाही तो माणूस हवा होता. मला त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. दोन, गाडी लावायला कुणी शिकवलं हो तुम्हाला?

पहिल्या दिवशी मेहुण्याने फोटोवर भिंग धरलं.

‘गाडी डावीकडे कललीय. चालक डावखुरा आहे.’

‘टायरात हवा कमी होती,’ मी म्हटलं.

‘कुणी कमी केली?’

‘कुणी नाही. मी भरली नव्हती.’

त्याने वहीत लिहिलं: ‘अशील काहीतरी लपवतोय.’

मग साक्षीदार. शेजारच्या काकूंचं आणि आमचं अंगण एक, फाटक एक. काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या.

‘काकू, त्या दुपारी इथे एखादा संशयास्पद पुरुष दिसला का?’

‘पुरुष? नाही रे.’

‘नीट आठवा. उंच, बुटका, दाढीवाला?’

‘मेला एकही नव्हता. अडीनडीला कधी असतात का?’

त्याने लिहिलं: ‘साक्षीदाराचं पुरुषांविषयी मत वाईट. साक्ष ग्राह्य नाही.’

चौथ्या दिवशी फोटोत त्याला एक गोष्ट दिसली, जी मला पहिल्या दिवशीच दिसली होती पण मी तिचा विचार केला नव्हता. बॉनेटवर लाल एल बोर्ड होता, तोही तिरका. हा बोर्ड चुंबकाचा असतो. शिकणारा चालवत असेल तेव्हा लावायचा, एरवी डिकीत. ‘बोर्ड लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही’ असं आमच्या क्लासच्या भिंतीवर रंगवून ठेवलंय. मी स्वतः चालवताना तो कधीच लावत नाही.

‘सापडला!’ मेहुणा ओरडला. ‘हे तुमच्या वैऱ्याचं काम! चौकातला दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला. तुमचा जीव वाचवायचा आणि अब्रू घ्यायची. वर एल लावून जगाला सांगायचं की हा अजून शिकतोय. दुहेरी कट!’

‘अब्रूच घ्यायची होती तर मला मरू दिलं असतं. गिऱ्हाइकं आपोआप त्याच्याकडे गेली असती.’

‘म्हणूनच दुहेरी, दाजी.’

आम्ही चौकात गेलो. वैरी पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता. मेहुण्याने त्याच्यापुढे फोटो आपटला आणि ‘बोला!’ म्हणाला.

‘काय बोलू? मी नेली असती तर सरळ लावली असती,’ वैरी म्हणाला. ‘आणि भाडं घेतलं असतं.’ मग त्याने चष्मा वर करून फोटो जवळ घेतला. ‘नवशिका दिसतोय कुणी. पण भितरा नाही. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला रुग्णवाहिका, आणि ओरखडा नाही एक. तुझा विद्यार्थी का रे?’

‘माझे विद्यार्थी अशी लावत नाहीत,’ मी म्हटलं.

‘तुझे विद्यार्थी तुझ्यासमोर अशी लावत नाहीत,’ तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

दहाव्या दिवशी मेहुण्याने नवा सिद्धांत आणला. एक चोर गाडी पळवायला आत बसला, मागे वळून पाहतो तर मी निपचित.

‘मग पळून का नाही गेला?’

‘चोरालाही आई असते, दाजी.’

‘आणि तुझी ताई? ती कुठे होती?’

‘तिला त्यानं ओलीस धरली असेल.’

‘तुझ्या ताईला?’

त्या चोराची आम्हाला दया आली.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. भला माणूस काही सापडला नव्हता. मी टेबलावर फॉर्म घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि ‘गाडी मी’ एवढं लिहिलं. तेवढ्यात काकू वाऱ्याने त्यांच्याकडे उडालेला माझा टॉवेल द्यायला आल्या. त्यांची नजर फोटोवर गेली.

‘अगंबाई! वहिनींनी इथे लावली होती होय?’

मेहुण्याच्या हातातलं भिंग खाली आलं. ‘कुणी?’

‘वहिनींनी. फाटक मीच नाही का उघडलं!’

‘काकू!’ मेहुणा किंचाळला. ‘मी विचारलं होतं तुम्हाला!’

‘तू पुरुष विचारलास.’

काकू खुर्ची ओढून बसल्या.

‘भाऊ, त्या बोर्डानं तर माझा जीव खाल्ला होता. तुम्ही मागं असे पडलेले आणि ह्या डिकीत डोकं घालून तो लाल बोर्ड शोधतायत. मी म्हटलं, अहो जळो तो बोर्ड, इथे माणूस चाललाय! तर म्हणतात कशा, “बोर्ड नाही लावला आणि हे वाटेत शुद्धीवर आले, तर ओरडायला लागतील. त्यानंच दुसरा झटका येईल.” लावला, बसल्या आणि गेल्या. पहिल्या वळणापर्यंत वायपर चालू होते.’

‘मला का नाही सांगितलं?’ मी विचारलं.

‘शपथ घातली होती. लायसन नाही म्हणून तुम्ही बोलाल म्हणाल्या. आता शपथ कुणाला लागायचीय?’

बावीस वर्षांपूर्वी मी तिला अकरा दिवस गाडी शिकवली होती. बाराव्या दिवशी मी इतका ओरडलो की तिने चौकात मधोमध गाडी थांबवली, दार उघडलं आणि चालत घरी निघून गेली. तेव्हापासून ती शेजारच्या सीटवर बसायची. आमच्या गाडीत त्या सीटलाही ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बसल्या जागी पायाने ब्रेक दाबणारी बायको बऱ्याच नवऱ्यांच्या नशिबी असते. माझी गाडी खरंच थांबायची. मला वाटायचं, तिला एवढंच येतं.

मेहुण्याने नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं. मग म्हणाला, ‘मला पहिल्यापासून ताईचाच संशय होता.’

‘वहीत कुठे लिहिलंय?’

‘सगळं लिहायचं नसतं, दाजी.’

मी ‘गाडी मी’ खोडलं. दुपारी आम्ही दोघं हॉस्पिटलच्या पार्किंग ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, ‘भरताय की तक्रार?’

‘भरतोय. पण गाडी बायकोनं लावली होती. तिचं नाव घाला.’

‘मग त्यांनाच आणा ना. खुलासा दिला की माफ होईल.’

‘ती गेली.’

‘परत कधी येतील?’

‘मॅडम,’ मेहुणा म्हणाला, ‘गेली म्हणजे गेली.’

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. ‘सॉरी हं. मग भरूही नका. गेलेल्या माणसाच्या नावावर दंड ठेवत नाही आम्ही. रद्द करते. फोटोसकट सगळी नोंद जाईल, तुम्हाला काही त्रास नाही.’ आणि त्यांचं बोट एका बटणाकडे निघालं.

‘ब्रेक!’ मी ओरडलो.

तीस वर्षांची सवय. सगळं ऑफिस थांबलं. रांगेतल्या एकाने तर पायही आपटला. तो बहुतेक माझा जुना विद्यार्थी असावा.

‘मला तक्रार करायचीय,’ मी म्हटलं.

‘कशाबद्दल?’

‘दंड माफ केल्याबद्दल.’

‘अहो काका, अशी तक्रार नसते. लोक इथे माफीसाठी भांडतात.’

‘ती आयुष्यात एकदाच स्वतःच्या जिवावर गाडी चालवत गेली. बाकी कुठे नोंद नाही त्याची. इथे आहे. ती पुसू नका.’

बाईंना काय करावं कळेना. तेव्हा शोधसम्राट पुढे झाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाचा उपयोग सापडला असावा.

‘मॅडम, नोंद झालेली वस्तू मालक नसेल तर कुणाला मिळते? वारसाला. दंड माझ्या ताईच्या नावे निघाला. हे तिचे वारस. तुम्ही वस्तू परस्पर नष्ट करताय. लेखी द्या तसं, तीन प्रतींत.’

तीन प्रती म्हटल्यावर बाई उठल्या आणि आतल्या साहेबांकडे गेल्या. काचेतून साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तोच हात ‘घ्या, घ्या’ असा हलवला.

मी फॉर्मवर तिचं नाव पूर्ण लिहिलं. बाई टाइप करू लागल्या.

‘लायसन नंबर?’

‘नाही.’

त्यांनी फोटो मोठा केला. बोर्डावर थोडा वेळ थांबल्या. ‘शिकाऊ लिहू?’

‘लिहा,’ मी म्हटलं.

दंड भरला. पावती घेतली, फोटोची मोठी प्रत मागून घेतली. बाहेर गाडीत बसल्यावर मेहुणा म्हणाला, ‘दाजी, खरं सांगा. दहापैकी किती द्याल?’

मी फोटो स्टिअरिंगवर ठेवला आणि परीक्षेला बघतात तसा बघितला. पुढची चाकं सरळ केलेली नव्हती. मागचं एक चाक रेघेबाहेर. आरसा उघडायला विसरली होती, म्हणजे सगळा रस्ता तिने उजव्या आरशाशिवाय काढला होता.

‘चार.’

‘चार? अहो, ताई आहे माझी!’

‘चारच. आरसा नाही, चाकं वाकडी. मी कुणाची भीड ठेवत नाही.’

तो तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत बसला. मी गाडी सुरू केली. ती असती तर तिने असं तोंड फुगवलं नसतं. म्हणाली असती, ‘चार तर चार. पोचलात ना?’